प्रोबेशन ऑफिसर नावाची रिकामी खुर्ची

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलच्या गर्दीत आवाज नीट ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. जवळपास जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त अधलेमधले "म्हणजे" आणि "अ‍ॅक्च्युअली" कमी केलेत.

"३०० शब्दांचा निबंध" म्हटलं की काय आठवतं? मे २०२४ नंतर महाराष्ट्रात या शब्दांचा एकच अर्थ उरलाय. पुणे, कल्याणीनगर, १९ मेची पहाट. पोर्शे गाडी, चालवणारा अल्पवयीन मुलगा, आणि मोटरसायकलवरच्या दोन तरुण आयटी इंजिनिअरांचा मृत्यू. मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला, आणि जामिनाच्या अटींमध्ये एक अट होती: रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायचा. पुढचे कित्येक दिवस मीम्स, रील्स, टीव्हीवरचा आरडाओरडा, सगळं झालं. सगळे विचारत होते, "हा कसला कायदा?"

पण हा आदेश देणारा माणूस कोण होता? त्याला कोणी नेमलं? त्याला ट्रेनिंग कोणी दिलं? त्याच्या कामावर लक्ष कोणाचं होतं? हे प्रश्न खूप कमी लोकांनी विचारले. आजचा भाग याच प्रश्नांचा इतिहास आहे. आणि हा इतिहास पुण्यात सुरू होत नाही, तो सव्वाशे वर्षं मागे जातो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, मग तुम्ही ते तपासत बसा. आपल्याकडे मुलांसाठीचे कायदे वेळोवेळी चांगले होत गेले. पण ते कायदे चालवणारी माणसं नेमायची, त्यांना पगार द्यायचा, त्यांना सांभाळायचं, अशी वेळ आली की प्रत्येक पिढीने हात आखडता घेतला. आणि त्याची किंमत मोजली ती त्या कोर्टासमोर उभ्या राहिलेल्या पोरांनी.

टिटवाळा ते भिवंडी

आधी हे सगळं चालतं कसं, ते बघू. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. टिटवाळ्यात राहणारा १६ वर्षांचा एक मुलगा. गणपतीच्या देवळाजवळ, अंगारकीच्या गर्दीत, त्याने कोणाचा तरी मोबाइल उचलला असा आरोप आहे. आरोप आहे, हं. खरं-खोटं अजून ठरायचंय.

२०१५ चा बाल न्याय कायदा काय सांगतो? या मुलाला लॉकअपमध्ये टाकता येत नाही. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असायला हवा, किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा, आणि मूल त्याच्या ताब्यात द्यायचं. २४ तासांच्या आत मुलाला बाल न्याय मंडळापुढे न्यायचं. याला "आरोपी" म्हणायचं नाही, कागदावरचा शब्द आहे "विधिसंघर्षग्रस्त बालक". शब्द जड आहे, पण हेतू चांगला आहे.

ठाणे जिल्ह्याचं बाल न्याय मंडळ भिवंडीत बसतं. आता टिटवाळ्याहून भिवंडीला सरळ लोकल नाही. कल्याणला उतरा, तिथून बस नाहीतर शेअर रिक्षा, दुर्गाडीचा पूल ओलांडा, कोनगावचं ट्रॅफिक सहन करा, मग भिवंडी. मुलाची आई धुण्याभांड्याची कामं करत असेल, तर प्रत्येक तारखेला तिचा एक अख्खा दिवस आणि त्या दिवसाचे पैसे गेले.

मंडळात तीन जण असतात. एक मॅजिस्ट्रेट आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली किमान एक बाई. पण या तिघांच्या पलीकडे चौथा एक माणूस असतो, ज्याचं नाव टीव्हीवर कधीच येत नाही. तो म्हणजे परिवीक्षा अधिकारी. जुन्या लोकांच्या तोंडी आजही "प्रोबेशन ऑफिसर" किंवा नुसतं "पीओ साहेब".

याचं काम काय? मुलगा ताब्यात आल्याबरोबर पोलिसांनी त्याला कळवायचं, आणि त्याने दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल मंडळाला द्यायचा. त्यासाठी तो मुलाच्या घरी जातो. घरात कोण कमावतं, कोण पितं, कोण मारतं, हे बघतो. शाळेत विचारतो की हा येणं कधी बंद झाला आणि का. शेजाऱ्यांशी बोलतो, मित्र कोण आहेत ते बघतो. मग लिहितो: हा मुलगा घरी परत गेला तर सांभाळला जाईल का? की घरीच खरी अडचण आहे?

पोलिसांच्या कागदात मोबाइलची किंमत, वेळ, पंच, सगळं असतं, पण मुलगा नसतो. मुलगा फक्त या एका अहवालात असतो. समज देऊन सोडायचं, समुपदेशनाला पाठवायचं, समाजसेवेचं काम द्यायचं, आई-वडिलांच्या हवाली करून देखरेख ठेवायची की विशेष गृहात पाठवायचं, हे सगळे पर्याय मंडळाकडे आहेत. पण यातला कोणता निवडायचा हे ठरवायला अहवाल लागतो. अहवाल नसेल तर मंडळ एकतर तारीख देतं, नाहीतर अंदाजाने ठरवतं.

आता एक छोटं गणित करू. आकडे माझे, फक्त समजण्यापुरते. समजा एका अधिकाऱ्याकडे महिन्याला ४० नवी प्रकरणं आली. प्रत्येक घरभेटीला अर्धा दिवस धरला, तरी २० दिवस फक्त फिरण्यात गेले. एकदा टिटवाळा, एकदा मुरबाड, एकदा मुंब्रा. त्यात मंडळासमोर हजर राहायचंय, जुन्या मुलांवर देखरेख ठेवायचीय, अहवाल टाइप करायचेत. २०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सगळ्यात जास्त लोकसंख्येचा जिल्हा होता, १ कोटी १० लाखांच्या वर. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला, तरी जिल्हा प्रचंडच राहिला. आता विचार करा, तो माणूस एकटाच असेल तर? आणि ती जागाच रिकामी असेल तर?

हा प्रश्न आजचा वाटतो, पण तो या नोकरीच्या जन्मापासूनचा आहे.

पगार नसलेली नोकरी

प्रोबेशनची कल्पना सुरू केली एका चांभाराने. बॉस्टनमध्ये जॉन ऑगस्टस नावाचा बूट बनवणारा माणूस होता. १८४१ मध्ये तो कोर्टात गेला आणि एका दारुड्याचा जामीन राहिला. म्हणाला, याला तुरुंगात टाकू नका, माझ्याकडे द्या, मी याला सुधारतो. आणि खरंच सुधारला. मग तो हे करतच राहिला. १८५९ मध्ये वारला तोवर सुमारे १,९०० लोकांना त्याने असं सोडवलं होतं, त्यात मुलंही बरीच होती. सरकारकडून एक पैसा न घेता.

पुढे १८९९ मध्ये अमेरिकेतल्या शिकागोत जगातलं पहिलं बालन्यायालय सुरू झालं. इलिनॉय राज्याच्या त्या कायद्यात प्रोबेशन ऑफिसरची तरतूद होती. पण त्याच कायद्यात असंही लिहिलं होतं की या अधिकाऱ्यांना सरकारी तिजोरीतून पगार मिळणार नाही. म्हणजे न्यायाधीशाला पगार, शिपायाला पगार, आणि ज्याच्या खांद्यावर सगळी कल्पना उभी आहे, त्याला काही नाही!

मग काय झालं? हल हाउस नावाची एक समाजसेवी संस्था होती, जेन अ‍ॅडम्स यांची. तिथल्या बायकांनी वर्गणी गोळा करून या अधिकाऱ्यांचे पगार दिले. त्यातल्या पहिल्या अधिकारी होत्या अल्झिना स्टीव्हन्स, कामगार चळवळीतून आलेल्या. काही वर्षं हे वर्गणीवर चाललं. १९०५ मध्ये कायदा बदलला आणि पगार सरकारी तिजोरीतून मिळायला लागला.

यातला क्रम लक्षात ठेवा. आधी कायदा, मग कोर्ट, आणि सगळ्यात शेवटी माणसाचा पगार. मुंबईतही हाच क्रम आपल्याला भेटणार आहे.

डोंगरीच्या तुरुंगात मुलं

आपल्याकडे इंग्रजांनी मुलांसाठी वेगळा विचार तसा लवकर सुरू केला. १८५० च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्यात गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना एखाद्या धंद्यात उमेदवार म्हणून बांधून द्यायची सोय होती. मुंबईत १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. आज माहीमला जी डेव्हिड ससून इंडस्ट्रियल स्कूल आहे, ती याच परंपरेतली. १८७६ मध्ये रिफॉर्मेटरी स्कूल्स कायदा आला. मुलाला तुरुंगाऐवजी २ ते ७ वर्षं सुधारशाळेत ठेवायचं. पण या सगळ्यात मूल घरी परत कसं जाईल, याचा विचार जवळपास नव्हता. इमारत होती, वॉर्डर होता, घरी जाऊन विचारपूस करणारा कोणी नव्हता.

१९१९-२० मध्ये अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय तुरुंग समिती बसली. तिने स्पष्ट सांगितलं की मुलांची कोर्टं वेगळी हवीत आणि मुलं तुरुंगात नकोत. त्यानंतर मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये मुलांचा कायदा केला. मुंबईच्या कायद्यात १४ वर्षांखालचं ते "मूल" आणि १४ ते १६ म्हणजे "तरुण व्यक्ती", अशी विभागणी होती.

कायदा १९२४ चा. तो चालवण्यासाठी चिल्ड्रन्स एड सोसायटी आणि बालन्यायालय उभं राहिलं १९२७ मध्ये. मधली ३ वर्षं कायदा कागदावर होता.

आणि हे उभं राहिलं कुठे? डोंगरीत, उमरखाडीला. हा तोच डोंगरीचा तुरुंग, जिथे १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांनी कोल्हापूर प्रकरणात १०१ दिवस काढले होते. आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिलं. तुम्ही शाळेत टिळक-आगरकरांचा धडा वाचला असेल, पण त्याच जुन्या तुरुंगाच्या जागी पुढे मुलांचं रिमांड होम आलं, हे बहुतेकांना माहीत नसतं. मुंबईत "डोंगरीला टाकला" असं म्हटलं की आजही अर्थ एकच.

इथे एक गोष्ट नीट बघा. सरकारने कायदा केला, पण काम दिलं एका सोसायटीकडे. पैसा थोडा सरकारचा, थोडा देणगीचा. इमारत, मुलांचं जेवण-खाण, अधीक्षक, प्रोबेशन ऑफिसर, सगळं सोसायटीच्या माथी. पुढे जिल्ह्यांमध्येही असंच झालं. बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ असताना, १९३८ मध्ये, मुंबई इलाख्याने प्रोबेशनचा स्वतंत्र कायदा केला. पण जिल्ह्याजिल्ह्यांत रिमांड होम चालवायला पुढे आल्या त्या जिल्हा परिवीक्षा व अनुरक्षण संघटना. ही संघटना म्हणजे सरकारी खातं नाही, अनुदानावर चालणारी संस्था. तिथला कर्मचारी कोर्टाच्या हुकमावर काम करणार, पण सरकारी नोकर नाही.

मी त्या लोकांना नावं ठेवत नाहीये. उलट, त्या काळात ज्यांनी हे काम उचललं ते नसते तर काहीच झालं नसतं. पण त्यातून एक सवय पडली. मुलांच्या कोर्टाचं काम म्हणजे परोपकार. चांगल्या मनाची माणसं येतील आणि कमी पैशात करतील. न्यायाधीशाबद्दल असं कोणी म्हणत नाही. पीओबद्दल मात्र म्हणतात.

नागपाड्यात सुरू झालेला धंदा

फक्त चांगलं मन पुरत नाही, हे ओळखणारा एक माणूस मुंबईत होता. क्लिफर्ड मॅनशार्ट, अमेरिकन मिशनरी. नागपाड्याच्या वस्तीत काम करत होते. टाटा ट्रस्टच्या मदतीने त्यांनी १९३६ मध्ये नागपाड्यातच समाजकार्य शिकवणारी शाळा काढली. सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क. हीच पुढे १९४४ मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाली, आपली टिस. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, तिथे मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र निघालं, जिथे वर्तनाच्या अडचणी असलेल्या मुलांकडे मानसशास्त्राच्या नजरेने बघायला सुरुवात झाली.

याचं महत्त्व काय? घरभेट कशी करायची, आईशी काय बोलायचं, बापाने खोटं सांगितलं तर कसं ओळखायचं, अहवाल कसा लिहायचा, हे शिकावं लागतं, ही गोष्ट पहिल्यांदा मान्य झाली. हा एक पेशा झाला, डॉक्टर-वकिलासारखा. टिसमधून बाहेर पडलेली माणसं आजही या क्षेत्रात आहेत. टिसचा प्रयास हा प्रकल्प १९९० पासून कोठडी आणि तुरुंगातल्या लोकांसोबत काम करतोय, आणि बाल न्यायासाठी त्यांचा वेगळा रिसोर्स सेलही आहे.

म्हणजे १९४० च्या आसपास मुंबईकडे कायदा होता, कोर्ट होतं, शिकवणारी शाळाही होती. उरलं होतं एकच: शिकलेल्या माणसाला कायमची, धड पगाराची जागा. तिथे गाडी अडली, ती अडलीच.

एका पत्रकार बाईचं पत्र

आता थेट १९८० च्या दशकात येऊ. शीला बारसे या मुंबईतल्या पत्रकार. आधी त्यांनी कोठडीतल्या बायकांचा प्रश्न सुप्रीम कोर्टात नेला होता, त्याचा निकाल १९८३ मध्ये लागला. मग त्या देशभरातल्या तुरुंगांत असलेल्या मुलांच्या मागे लागल्या. १९८६ मध्ये न्यायमूर्ती भगवतींच्या खंडपीठाने राज्यांना सांगितलं की मुलं तुरुंगात ठेवू नका, कमी गंभीर गुन्ह्यांत तपास ३ महिन्यांत संपवा, आणि प्रत्येक राज्याचा वेगळा कायदा असण्यापेक्षा संपूर्ण देशासाठी एकच कायदा करा. त्याच वर्षी संसदेने बाल न्याय कायदा केला, तो ऑक्टोबर १९८७ पासून अमलात आला.

पण आजच्या विषयासाठी त्यांची दुसरी केस जास्त महत्त्वाची आहे. ती आपल्या घरची आहे. मानखुर्दला चिल्ड्रन्स एड सोसायटीचं निरीक्षणगृह होतं. तिथल्या कारभाराबद्दल शीला बारसे यांनी हायकोर्टाला पत्र लिहिलं, त्याचीच याचिका झाली, आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. निकाल आला डिसेंबर १९८६ मध्ये.

कोर्टाने काय म्हटलं, माझ्या शब्दांत सांगतो. एक, नेहमीच्या न्यायाधीशाला बसवून बाहेर "बालन्यायालय" अशी पाटी लावली म्हणजे झालं, असं नाही. त्या न्यायाधीशाला वेगळं प्रशिक्षण हवं. दोन, या गृहांत काम करायला मनापासून करणारी माणसं शोधावी लागतील, त्यांना नीट शिकवावं लागेल, आणि फक्त अशाच माणसांना तिथे नेमायचं. तीन, ही सोसायटी म्हणायला खाजगी असली, तरी तिचे पदसिद्ध अध्यक्ष मुख्यमंत्री, पैसा सरकारचा, मग तिने सरकारसारखंच वागलं पाहिजे. मुलांचे मूलभूत हक्क तिलाही बंधनकारक आहेत.

तिसरा मुद्दा मला फार मोठा वाटतो. साठ वर्षं चालत आलेला "हे तर संस्थेचं काम" हा बहाणा कोर्टाने तिथे संपवला. कायद्यात तरी.

कागद भक्कम, माणूस कंत्राटी

त्यानंतर कायदा आणखी दोनदा नव्याने लिहिला गेला. २००० च्या कायद्याने वय सगळ्यांसाठी १८ केलं. आधी मुलग्यांसाठी १६ आणि मुलींसाठी १८ होतं. कोर्टाऐवजी मंडळ आलं आणि सामाजिक कार्यकर्ते मॅजिस्ट्रेटच्या बरोबरीने बाकावर बसायला लागले. १९८६ मध्ये ते फक्त मदतीला होते. २०१२ च्या दिल्लीच्या घटनेनंतर जो राग उसळला, त्यातून २०१५ चा कायदा आला. १६ ते १८ वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला असा आरोप असेल, तर त्याचा खटला मोठ्यांसारखा चालवायचा का, हे मंडळाने आधी प्राथमिक मूल्यांकन करून ठरवायचं. म्हणजे मंडळाच्या हातात आता एखाद्याचं अख्खं आयुष्य आलं.

नेमणुकीचे नियमही छान आहेत. मॅजिस्ट्रेटला किमान ३ वर्षांचा अनुभव हवा. सामाजिक कार्यकर्त्याने मुलांचं आरोग्य, शिक्षण किंवा कल्याण यात किमान ७ वर्षं काम केलेलं असावं, किंवा बालमानसशास्त्र, मानसोपचार, समाजशास्त्र, कायदा यातली पदवी घेऊन तो व्यवसाय करत असावा. नेमणुकीपासून ६० दिवसांत सगळ्यांना प्रशिक्षण, मॅजिस्ट्रेटलाही. सलग ३ महिने गैरहजर राहिला, किंवा वर्षातल्या तीन चतुर्थांश बैठकांनाही आला नाही, तर चौकशी करून काढता येतं. अधिकाराचा गैरवापर केला तरी काढता येतं. चौकशी ४ महिन्यांत संपवायची, फार तर आणखी २ महिने. प्रलंबित प्रकरणांचा आढावा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी दर ३ महिन्यांनी घ्यायचा.

वाचताना वाटतं, व्वा! पण आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. सिस्टिम कितीही भारी डिझाइन केलेली असो, रात्री दोनला ती बंद पडल्यावर फोन उचलणारा कोणी नसेल, तर डिझाइनचा काही उपयोग नाही.

आणि इथे फोन उचलणारा कंत्राटी आहे. २००९ मध्ये केंद्राने एकात्मिक बाल संरक्षण योजना आणली. प्रत्येक जिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष निघाला, त्यात "विधी तथा परिवीक्षा अधिकारी" अशी जागा तयार झाली. चांगलंच झालं, आधी तेवढंही नव्हतं. पण या जागा योजनेतल्या, ठरावीक मानधनाच्या, कराराच्या. योजनेचं नाव आता मिशन वात्सल्य आहे. त्यात या अधिकाऱ्याचं महिन्याचं मानधन २७,८०० रुपयांच्या आसपास ठरवलेलं. एमएसडब्ल्यू किंवा एलएलबी झालेली व्यक्ती, जिच्या अहवालावर एका मुलाचं भवितव्य ठरणार, तिच्या हातात हे पडणार. दुसरी बरी नोकरी मिळाली की ती जाते. मग जागा रिकामी, मग जाहिरात, मग मुलाखती, मग नवीन माणूस पुन्हा पहिल्यापासून शिकतो. दरम्यान भिवंडीच्या बाहेर रिक्षातून उतरलेल्या आईला पुढची तारीख मिळते.

संपूर्णा बेहुरा या कार्यकर्त्या याच गोष्टीसाठी २००५ मध्ये सुप्रीम कोर्टात गेल्या होत्या. कायदा केलाय, पण मंडळं नाहीत, माणसं नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. निकाल आला ९ फेब्रुवारी २०१८ ला, म्हणजे १३ वर्षांनी. न्यायमूर्ती लोकूर यांच्या खंडपीठाने सांगितलं की मंडळांतल्या, बाल कल्याण समित्यांतल्या, परिवीक्षा अधिकाऱ्यांच्या रिकाम्या जागा वेळेत भरा, आणि प्रत्येक हायकोर्टाने यावर स्वतःहून याचिका दाखल करून लक्ष ठेवावं. ज्या मुलासाठी ही याचिका होती, तो २००५ मध्ये १२ वर्षांचा असेल तर निकालाच्या दिवशी २५ वर्षांचा झाला असेल.

आता पुन्हा पुण्याकडे

आता तो ३०० शब्दांचा निबंध वेगळा दिसतो का बघा.

१९ मे २०२४ हा रविवार होता. मंडळ बसलेलं नसेल तेव्हा एका सदस्यापुढे मुलाला हजर करता येतं, कायदाच तसं सांगतो. म्हणून एका बिगर-न्यायिक सदस्याने एकट्याने आदेश दिला. सामाजिक तपासणी अहवालाला दोन आठवडे असतात, तो त्याच दिवशी हातात असणं शक्यच नाही. अनुभवी सदस्य अशा वेळी काय करतो? पूर्ण मंडळ बसेपर्यंत प्रकरण फक्त सांभाळतो. हे शहाणपण कायद्याच्या कलमात लिहिलेलं नसतं. ते प्रशिक्षणातून, वरिष्ठांच्या देखरेखीतून, वर्षानुवर्षांच्या सरावातून येतं.

नंतर काय झालं? लोकांचा उद्रेक झाला. २२ मेला मंडळाने आदेश फिरवून मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं. २५ जूनला हायकोर्टाने तो आदेश बेकायदा ठरवून त्याला सोडायला सांगितलं. म्हणजे आधी घाईत सैल निर्णय आणि मग दबावाखाली कडक निर्णय. सरकारने चौकशी लावली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्याच्या मंडळातल्या दोन सदस्यांना काढून टाकलं.

कायद्यातलं "काढता येतं" हे कलम वापरलं गेलं, ठीक आहे. पण ते वापरलं गेलं सगळा देश बघत असताना. टिटवाळ्याच्या आपल्या काल्पनिक मुलाच्या तारखेला टीव्हीची गाडी येत नाही. तिथे सदस्य आला की नाही, अहवाल आला की नाही, हे बघणारं कोण? कायद्यात त्याचं उत्तर आहे: दर ३ महिन्यांचा आढावा, गैरहजेरीची नोंद. हे काम रोजचं आहे, कंटाळवाणं आहे, त्यावर मीम बनत नाही. म्हणूनच ते होतंय का, हे विचारायला हवं.

इथे काही जण म्हणतील, "गुन्हेगार पोरांचा एवढा पुळका कशाला?" त्यांना एक गोष्ट सांगतो. किरकोळ गुन्ह्यात वाढीव मुदत संपली तरी चौकशी पूर्ण झाली नाही, तर प्रकरण तिथेच बंद होतं. ज्याचा मोबाइल गेला त्याला काहीच उत्तर मिळत नाही. आणि मुलगा खरंच चुकला असेल, तर तो कोणाच्याही देखरेखीशिवाय, काहीही न शिकता परत त्याच चौकात येऊन उभा राहतो. खुर्ची रिकामी राहिली की दोन्ही बाजूंचं नुकसान होतं.

मग आपण काय करायचं?

मोठी क्रांती सुचवत नाही. दोन छोट्या गोष्टी.

एक, माहितीचा अधिकार वापरा. आपल्या जिल्ह्यात परिवीक्षा अधिकाऱ्यांच्या किती जागा मंजूर आहेत, किती भरल्यात, मंडळात किती प्रकरणं प्रलंबित आहेत. एवढे तीन प्रश्न. मुलांची नावं, प्रकरणांचे तपशील मागू नका. ते गुप्तच राहायला हवेत, कायद्यानेही आणि माणुसकीनेही.

दोन, तुमच्यापैकी कोणी समाजकार्य, मानसशास्त्र किंवा कायदा शिकत असेल, तर मंडळाच्या सदस्यांसाठी आणि जिल्हा कक्षातल्या पदांसाठी जाहिराती निघतात, त्याकडे लक्ष ठेवा. या खुर्च्यांवर कोण बसतं ते अर्ज कोण करतं यावरही ठरतं. चांगली माणसं अर्जच करत नसतील, तर निवड समिती तरी काय करणार? आणि पगार कमी आहे म्हणून अर्ज करत नसाल, तर ते मोठ्याने बोला. शिकागोच्या बायकांनी वर्गणी काढून पगार दिले, पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. सहा वर्षांत त्यांनी तो पगार सरकारच्या तिजोरीत नेऊन बसवला.

आपल्याकडे १९२७ पासून मोजलं तर जवळपास शंभर वर्षं झाली. शंभर वर्षांत आपण कायदा चार वेळा लिहिला. आता तो चालवणाऱ्या माणसाच्या पगाराची आणि जागेची ओळ एकदा नीट लिहूया, बस.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या जिल्ह्यात मंडळ कुठे बसतं, तिथपर्यंत जायला किती वेळ लागतो, ते आम्हाला जरूर कळवा. भाग आवडला असेल तर एखाद्या वकील नाहीतर शिक्षक मित्राला पाठवा. पुढच्या भागात भेटूच. तोवर काळजी घ्या, आणि गाडी चालवायचं लायसन मिळेपर्यंत चावीला हात लावू नका!